त्याच नावाने ‘सेव्ह’ झालेली फाइल : पार्श्वभूमी

डिलीट झालेली फाइल आणि त्याच नावाने दुसरी फाइल सेव्ह झाल्यामुळे गेलेली फाइल हे दोन वेगळे अपघात आहेत. रोजच्या बोलण्यात दोन्हींना ‘फाइल उडाली’ असेच म्हटले जाते, आणि म्हणून पहिल्या अपघातासाठी तयार झालेले उपाय दुसऱ्यावर चालवून पाहिले जातात. विंडोज ९५ पासून पडद्यावर असलेल्या रिसायकल बिनमध्ये डिलीट केलेली फाइल सापडते. ‘रिप्लेस’ला होकार दिल्यावर गेलेली जुनी फाइल तिथे सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी ती डिलीट झालेलीच नसते, तिच्यातला मजकूर तेवढा बदललेला असतो.

हा फरक विंडोजपूर्वीच्या डॉस या प्रणालीच्या काळापासूनचा आहे. डॉसच्या फॅट या फाइलनोंदीच्या पद्धतीत फाइल डिलीट करताना तिचा मजकूर पुसला जात नसे. डिस्कवरील फाइलींच्या यादीत तिच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर ई५ हा हेक्साडेसिमल संकेत लिहिला जाई आणि तिने व्यापलेले क्लस्टर, म्हणजे डिस्कवरील जागेचे ठरावीक तुकडे, मोकळे म्हणून नोंदवले जात. पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये आणलेल्या नॉर्टन युटिलिटीजमधील ‘अनइरेझ’ हा प्रोग्रॅम याच आळसावर उभा होता, आणि १९९१ च्या एमएस-डॉस ५.० मध्ये ‘अनडिलीट’ ही आज्ञाच देण्यात आली. ती फाइलचे नाव पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह घालून दाखवी आणि ते अक्षर वापरणाऱ्यालाच विचारी, कारण नावापैकी खरोखर हरवलेले तेवढेच असे. जुन्या फाइलवर नवी लिहिली गेली असेल तर मात्र विचारण्यासारखे काही उरत नसे. यादीतील तीच ओळ नव्या फाइलच्या नावे झालेली असे आणि मजकूर कोणत्या क्लस्टरपासून सुरू होतो हा जुना आकडाही तिच्यातून गेलेला असे.

युनिक्स या प्रणालीत परिस्थिती अधिक कठोर होती. असलेली फाइल लिहिण्यासाठी नव्याने उघडली की ती आधी शून्य लांबीची होते, अशी तिथली जुनी रीत आहे. एखाद्या यादीची अकारविल्हे मांडणी ‘सॉर्ट’ या आज्ञेने करून निकाल त्याच फाइलमध्ये वळवला, तर सॉर्ट सुरू होण्याआधीच शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम, ती फाइल रिकामी करतो आणि सॉर्टला वाचायला काहीच मिळत नाही. १९७० च्या दशकात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने व्हॅक्स संगणकासाठी तयार केलेल्या व्हीएमएस प्रणालीत प्रत्येक सेव्हला फाइलच्या नावापुढे अर्धविराम आणि पुढचा क्रमांक लागे. जुन्या आवृत्त्या ‘पर्ज’ ही आज्ञा देऊन मुद्दाम काढाव्या लागत. व्हीएमएसच्या रचनेत प्रमुख वाटा असलेले डेव्ह कटलर यांनीच पुढे विंडोज एनटीचे नेतृत्व केले, परंतु १९९३ मध्ये आलेल्या एनटीत ही सोय आली नाही. डिस्क महाग होती हे खरे असले, तरी ही उणीव मला आजही खटकते.

तरीही वर लिहिली गेलेली फाइल कधीकधी परत मिळते, याचे कारण प्रोग्रॅमच्या सेव्ह करण्याच्या पद्धतीत आहे. वर्डसारखे प्रोग्रॅम जुन्या मजकुरावर थेट लिहीत नाहीत. ते नवी तात्पुरती फाइल तयार करतात, मग तिला जुने नाव देतात आणि जुन्या फाइलची जागा मोकळी करतात. त्यामुळे हार्ड डिस्कवर जुना मजकूर नावाशिवाय काही काळ पडून राहतो आणि त्यातील एखादा शब्द संपूर्ण डिस्कवर शोधून तो गाठता येतो. मराठी मजकुराच्या बाबतीत हा शोध सोपा नसतो. ‘पुणे’ हा शब्द युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत १२ बाइट घेतो आणि यूटीएफ-१६ मध्ये ८. म्हणजे एकाच शब्दासाठी दोन वेगळे शोध घ्यावे लागतात. युनिकोडपूर्व डीटीपी फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर डिस्कवर रोमन अक्षरांच्या संकेतांत साठवलेला असल्याने, त्या फॉन्टचा तक्ता हाताशी नसेल तर दोन्ही शोध वाया जातात. वर्ड २००७ पासूनची नवी फाइल तर झिप पद्धतीने आवळलेली असते, तेव्हा तिच्यातला शब्द असा सापडतच नाही.

क्लस्टरवर प्रत्यक्ष नवा मजकूर लिहिला गेल्यानंतरही जुना वाचता येतो, ही समजूत पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधानंतर बळावली. चुंबकीय तबकडीवरील जुन्या खुणा सूक्ष्मदर्शी उपकरणांनी टिपता येतील, या भीतीने त्यांनी पुसण्यासाठी ३५ वेळा लिहिण्याचा क्रम सुचवला होता. तो क्रम त्या काळातील वेगवेगळ्या जातींच्या डिस्क एकत्र धरून आखलेला होता, हे पुढे विसरले गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००६ च्या मार्गदर्शिकेत २००१ नंतरच्या बहुतेक एटीए जोडणीच्या हार्ड डिस्कसाठी एकदा लिहिणे पुरेसे मानले आहे.

एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी फ्लॅश मेमरी वापरणारी डिस्क, आल्यावर चित्र उलटे झाले. फ्लॅश मेमरीत त्याच जागी पुन्हा लिहिता येत नाही. नवा मजकूर नेहमी दुसरीकडे जातो आणि जुना मागे राहतो, म्हणजे वरवर पाहता ही शोधणाऱ्याच्या सोयीची गोष्ट आहे. परंतु २००९ च्या विंडोज ७ पासून प्रणाली ‘ट्रिम’ या आज्ञेने मोकळी झालेली जागा एसएसडीला कळवते, आणि त्यानंतर ती जागा वाचल्यास बहुधा शून्येच हाती येतात.

वर लिहिले जाण्याच्या अपघातावर नेमका बेतलेला उपाय विंडोज सर्व्हर २००३ मधील शॅडो कॉपी हा होता. डिस्कवरील १६ केबीचा एखादा तुकडा बदलण्याआधी त्याची जुनी प्रत बाजूला ठेवायची, एवढेच तिचे काम. व्हिस्टामध्ये ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ या नावाने ती सामान्य संगणकांपर्यंत पोहोचली, पण घरगुती आवृत्त्यांत तिचा टॅब दिसत नसे. ही सोय चालू असली, तरी ती रीस्टोअर पॉइंट, म्हणजे प्रणालीने जपलेला मागचा टप्पा, तयार झाला त्या क्षणाची अवस्था जपते. त्यानंतर, आज सकाळी लिहून दुपारी चुकून बदललेला मजकूर तिच्यात नसतो.