एकिनेशिया : प्रेअरीवरचे मूळ आणि नावांचा घोळ

एकिनेशिया ही औषधी वनस्पती, तिच्या अनेक जाती. उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीवर, म्हणजे गवताळ मैदानांवर, लकोटा, शायेन, ओमाहा, पॉनी हे मूळनिवासी लोक जी जात वापरत आले, ती अँगुस्टिफोलिया. पाने अरुंद, खरखरीत, उंची गुडघाभर, सोटमूळ सरळ खोल जाणारे. दातदुखीवर मुळाचा तुकडा दाढेखाली धरायचा, सर्पदंशावर आणि भाजल्यावर रस लावायचा, घोड्यांना धुरी द्यायची. ताजे मूळ चावले की जीभ झिणझिणते, मग बधिर होते. आपला अक्कलकारा हेच करतो. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातल्या, दोन्हींत जीभ झिणझिणवणारी अल्कामाइड नावाची रसायने.

१८८०च्या दशकात नेब्रास्कातल्या एका औषधविक्याने हे मूळ बाटलीत भरले. १९१६ ते १९५० अमेरिकेच्या औषधसूचीतही ते होते.

खरा घोळ जर्मनीत झाला. १९३०च्या दशकाअखेर तिथल्या एका उत्पादकाने अँगुस्टिफोलिया म्हणून अमेरिकेतून बी आणले, उगवली दुसरीच जात, पर्प्युरिया. रुंद पानांची, लागवडीला सोपी, मुळांचा नुसता झुपका. तिच्या फुलोऱ्यासकट हिरव्या भागाचा ताजा रस काढला गेला आणि पुढचे बरेचसे संशोधन त्याच रसावर झाले. शिवाय बाजारात अँगुस्टिफोलियाच्या नावावर तिसरी, पॅलिडा, खपत होती. १९९२पर्यंत औषधी वनस्पती तपासणाऱ्या जर्मन तज्ज्ञ समितीने पर्प्युरियाचा हिरवा भाग आणि पॅलिडाचे मूळ मान्य केले, अँगुस्टिफोलिया अमान्य. पुरावा अपुरा, हे कारण नियमाला धरून होते. पण पुरावा अपुरा राहिला तो बियाण्याच्या आणि नावांच्या गफलतीमुळे, आणि ज्यांच्या अनुभवावर सगळा व्यापार उभा राहिला, त्यांचेच मूळ यादीबाहेर गेले. हा अन्यायच. २००२मध्ये काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी अँगुस्टिफोलियाला पॅलिडाचा उपप्रकार ठरवून गुंता वाढवला. नंतरच्या अमेरिकी वनस्पतिसूचीने ते मानले नाही.

नुसते एकिनॅकोसाइड हे मुळातले रसायन तपासून भेसळ पकडता येत नाही, कारण ते अँगुस्टिफोलिया आणि पॅलिडा दोघींच्या मुळांत असते. पॅलिडाच्या मुळात अल्कामाइड जवळपास नसतात, म्हणून जीभ झिणझिणत नाही. पर्प्युरियाच्या मुळाने झिणझिणते, पण त्यात एकिनॅकोसाइड नसते. म्हणजे दोन्ही कसोट्या लावाव्या लागतात. फुलावर असताना सोपे: पॅलिडाचे परागकण पांढरे, इतर दोघींचे पिवळे. मूळ अख्खेच साठवावे. भुकटीतले अल्कामाइड लवकर नष्ट होतात, मग अस्सल मालही कसोटीला उतरत नाही.

१९९०च्या दशकात मागणी इतकी वाढली की मोंटाना आणि नॉर्थ डकोटाला बेकायदा खणण्याविरुद्ध कायदे करावे लागले. खोल उरलेल्या तुकड्यातून पुष्कळदा नवा कोंब फुटतो, पण मूळ विकण्याजोगे व्हायला ३-४ वर्षे लागतात. दरवर्षी तोच पट्टा खणला तर झाड संपते. बियाणेही हट्टी: ८ ते १२ आठवडे ओल्या वाळूत, फ्रिजच्या गारव्यात ठेवल्याशिवाय नीट रुजत नाही. म्हणून बहुतेक शेतकरी अजूनही पर्प्युरियाच लावतात.