उन्हाळी पेट्रोलचे दोन आकडे: वायदे भाव आणि अंदाज

एप्रिल लागला की अमेरिकेत चर्चा सुरू होते: यंदा उन्हाळ्यात पेट्रोल कुठवर चढणार? बातम्यांत तेव्हा दोन आकडे फिरतात. एक ईआयए या सरकारी ऊर्जा माहिती संस्थेचा अंदाज, दुसरा न्यूयॉर्कच्या नायमेक्स बाजारातला वायदे भाव. दोन्ही डॉलर प्रति गॅलनमध्ये, दोन्ही पुढच्या महिन्यांचे, म्हणून अनेक जण एकाच्या जागी दुसरा वापरतात. न्यू जर्सीतल्या नातेवाइकांनी पाठवलेला आकडाही यांतला नेमका कोणता, हे आधी विचारलेलं बरं.

वायदे भाव हा मुळात अंदाजच नाही, तो सौदा आहे. जूनचा वायदा म्हणजे जूनमध्ये न्यूयॉर्क बंदरात माल देण्या-घेण्याचा आज ठरलेला दर. एका वायद्यात 42,000 गॅलन, म्हणजे 1,000 बॅरल. हळदीचे वायदे पाहणाऱ्या सांगली-वसमतच्या व्यापाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: वायदा चढला म्हणजे पुढे भाव चढणारच असं नाही, आज त्या भावाला सौदा करायला कोणीतरी तयार आहे इतकंच. शिवाय हा घाऊक भाव. यात गॅलनमागे 18.4 सेंटचा केंद्रीय कर नाही, राज्याचा कर नाही, वाहतूक नाही, पंपवाल्याचा नफाही नाही. बातमीतला वायदे भाव वाचून ‘पेट्रोल स्वस्त होणार’ म्हणणारे इथेच फसतात.

ईआयएचा आकडा पंपावरचा, करांसकट. कच्च्या तेलाचा भाव, रिफायनऱ्यांचं मार्जिन, साठे, मागणी यांचा हिशेब मांडून तो काढतात आणि दर महिन्याला सुधारतात. कच्चं तेल बॅरलमागे 1 डॉलरने हललं की गॅलनमागे सुमारे 2.4 सेंटचा फरक पडतो (बॅरलमध्ये 42 गॅलन असतात), त्यामुळे तेलाचा अंदाज हुकला की पेट्रोलचाही हुकतो. पण या आकड्याची खरी मेख वेगळी आहे: ती एप्रिल ते सप्टेंबरची सरासरी असते. ‘कुठवर चढणार’ याचं उत्तर सरासरीत नसतं.

2022 चंच बघा. युक्रेन युद्ध सुरू झालेलं होतं. एप्रिलमध्ये ईआयएने उन्हाळ्याची सरासरी 3.84 डॉलर सांगितली, आणि जूनच्या मध्याला देशभरातला सरासरी दर 5 डॉलरच्या वर गेला. पुढे तो उतरलाही, पण टाकी जूनमध्ये भरणाऱ्याला त्या सरासरीचा काय उपयोग? वायदेबाजार तरी शहाणा असतो म्हणाल, तर तोही नाही. ऑगस्ट 2005 च्या शेवटी कतरिना वादळाने मेक्सिकोच्या आखाताकाठच्या रिफायनऱ्या बंद पाडल्या आणि दर 3 डॉलरपलीकडे उडाला. एप्रिलच्या सौद्यांत ते वादळ कुठून येणार?

मला यांतलं काय उपयोगाचं वाटतं? घरखर्चाचा हिशेब मांडायचा तर ईआयएचा आकडा. येत्या दोन-तीन आठवड्यांत पंपावर दर कोणत्या दिशेने जाईल हे बघायचं तर वायदा, कारण घाऊक भाव आधी हलतो आणि पंप मागून.

वायदे वाचताना मात्र ऋतूची एक गफलत सांभाळायची. एप्रिलचा वायदा सहसा मार्चच्या वायद्यापेक्षा महाग असतो आणि ऑक्टोबरचा सप्टेंबरच्या वायद्यापेक्षा स्वस्त. तो तेजी-मंदीचा संकेत नव्हे, माल बदलतो म्हणून तसं होतं. उन्हात पेट्रोलची वाफ लवकर होते आणि हवेचं प्रदूषण वाढतं, म्हणून 1 जून ते 15 सप्टेंबर पंपांवर कमी वाफ होणारं पेट्रोलच विकायची सक्ती आहे. रिफायनऱ्यांना ते त्याआधीच बनवायला घ्यावं लागतं. त्यात ब्युटेन, म्हणजे स्वस्त पण चटकन वाफ होणारा घटक, फारसं मिसळता येत नाही. हिवाळ्यात ते पुन्हा मिसळलं जातं, म्हणून ऑक्टोबरचा भाव कमी दिसतो.