रक्त देण्यापूर्वी आम्ही इतके प्रश्न का विचारतो?

थायरॉईड, पॅराथायरॉईड किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथींच्या तपासणीसाठी आमच्या प्रयोगशाळेत आलेल्या ग्राहकांना काउंटरवर बरेच प्रश्न विचारले जातात. आजची गोळी घेतली का, एखादे इंजेक्शन चालू आहे का, रात्रपाळी असते का, अशी ही चौकशी पुष्कळांना नकोशी वाटते. परंतु या ग्रंथींची संप्रेरके रक्तात अत्यल्प प्रमाणात असतात आणि त्यांतील काही वेळेनुसार, तर काही औषधांनुसार बदलतात. त्यामुळे ही माहिती हाती नसेल, तर यंत्राने अचूक मोजलेला आकडाही दिशाभूल करू शकतो.

थायरॉईड गळ्याच्या पुढच्या बाजूस श्वासनलिकेला बिलगलेली, फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी आहे. ती आयोडीनपासून टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके बनवते, आणि शरीराने किती वेगाने ऊर्जा वापरायची, हृदयाचे ठोके किती पडायचे, थंडी-उष्णता किती सोसायची, हे पुष्कळसे त्यांवर ठरते. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, गरोदरपणात मात्र अधिक लागते. आयोडीन कमी पडले की ग्रंथी फुगते. त्याला मराठीत गलगंड म्हणतात आणि आपल्या कन्नड शेजाऱ्यांचा शब्दही जवळपास तोच आहे. याच कारणाने १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि २००६ मध्ये खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यावर देशभर बंदी आली.

सर्वाधिक गोंधळ टीएसएचवरून होतो. ‘टीएसएच वाढला, म्हणजे थायरॉईड जास्त झाला ना?’ असे आम्हाला जवळजवळ रोज विचारले जाते. टीएसएच थायरॉईडमध्ये तयारच होत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉईडला दिलेला आदेश असतो. रक्तात टी-४ कमी पडले की हा आदेश वाढतो आणि पुरेसे झाले की उतरतो, म्हणून वाढलेला टीएसएच बहुधा थायरॉईड मंद असल्याची खूण असते. शिवाय टी-४ शरीरात निम्मे होण्यास सुमारे सात दिवस लागत असल्यामुळे गोळीची मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच पुन्हा तपासणी करणे साधारणपणे उपयोगाचे ठरते. त्याआधी येऊ नका असे सांगणे आमच्या गल्ल्याच्या सोयीचे नसले, तरी खरे तेच आहे. तपासणीच्या दिवशी थायरॉईडची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असल्यास आधी सांगावे, कारण काही यंत्रांवर त्यामुळे आकडे खोटे येतात.

थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. नाव सारखे असले, तरी काम निराळे आहे. रक्तातील कॅल्शियम उतरले की त्या पीटीएच हे संप्रेरक सोडतात. मग हाडांतून कॅल्शियम बाहेर येते, मूत्रपिंड ते लघवीवाटे कमी जाऊ देते आणि ड जीवनसत्त्व कार्यक्षम होऊन आतडी अन्नातून अधिक कॅल्शियम शोषतात. थायरॉईडच्या शस्त्रक्रियेनंतर ओठांभोवती मुंग्या येऊ लागल्या किंवा हातापायांत गोळे येऊ लागले, तर या ग्रंथींना धक्का लागल्याची शक्यता असते आणि डॉक्टरांकडे त्वरित जावे. या तपासणीत पीटीएच आणि कॅल्शियम एकाच वेळच्या रक्तातून पाहावे लागतात. दंडाची पट्टी फार वेळ आवळून ठेवल्यास कॅल्शियमचा आकडा वर जातो, म्हणून आमचे कर्मचारी ती लवकर सोडतात. त्यात निष्काळजीपणा नसतो.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर अ‍ॅड्रिनल ग्रंथी असतात. आतला गाभा भीतीच्या क्षणी अ‍ॅड्रिनॅलिन सोडतो. बाहेरच्या थरातील अल्डोस्टेरॉन शरीरात मीठ-पाणी राखून रक्तदाब सांभाळते, तर कॉर्टिसॉल उपवासात रक्तातील साखर टिकवते आणि आजारपणाचा ताण पेलण्यास बळ देते. कॉर्टिसॉल सकाळी सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते, म्हणून ‘सकाळी आठ’ असे लिहिलेले असेल तर अकरा वाजून चालत नाही. जांबोटी-कणकुंबीसारख्या लांबच्या गावांकडून येणाऱ्यांना ही वेळ गाठणे अवघड जाते. शक्य असल्यास आदल्या रात्री शहरात पाहुण्यांकडे उतरावे.

दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलसारखे काम करणारे औषध, बराच काळ घेतले, की बाहेरचा पुरवठा पाहून अ‍ॅड्रिनल स्वतःचे काम थांबवते. ते औषध अचानक सोडल्यास रक्तदाब घसरून जिवावर बेतू शकते, म्हणून मात्रा डॉक्टरांच्या सांगण्यानेच हळूहळू उतरवावी. गुडघ्यातले इंजेक्शन आणि तोंडाने ओढायचा पंपही यात मोजला जातो. बाजारात झाडपाल्याच्या म्हणून मिळणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे, तेव्हा तशी पुडी घेत असल्यास संकोच न करता सांगावे.

येताना चालू औषधांची पाकिटे आणि जुने रिपोर्ट सोबत आणावेत. रिपोर्ट इंग्रजीत असला, तरी कोणता आकडा कशाचा आहे हे काउंटरवर मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगितले जाईल; औषधाचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचा राहील.