रत्नागिरीचे सात आमदार पाच कसे झाले

आधी एक गोंधळ मिटवू. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्हा 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर आला, सिंधुदुर्ग 8.69 वरून 8.50 वर. आकडे आले तसे बरेच जण म्हणायला लागले की कोकणात मुलंच होत नाहीत आता. अहो, मुलं तर सगळ्या राज्यातच कमी होतायत, 2019-21 च्या पाहणीत महाराष्ट्राचा प्रजनन दर बाईमागे 1.7 निघाला, म्हणजे लोकसंख्या आहे तेवढी टिकायला लागणाऱ्या 2.1 च्या बराच खाली, तरी 2001 ते 2011 मध्ये ठाणे जिल्हा 36 टक्क्यांनी फुगला आणि पुणे 30 टक्क्यांनी. जन्मदर वेगळा, वाढीचा दर वेगळा. वाढीत येणारे-जाणारेही धरले जातात, आणि कोकणातून जाणारेच जास्त.

हे जाणं जुनंच आहे, गिरणगावाच्या काळापासूनचं. पुरुष मुंबईला, बाया गावाला, घर मनीऑर्डरीवर, त्यामुळे रत्नागिरीत 2011 लाही हजार पुरुषांमागे 1122 बायका होत्या. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या तरी जाणं काही थांबलं नाही, परळचं बिऱ्हाड डोंबिवली-नालासोपाऱ्याला गेलं एवढंच, आणि आता जातात ते बायकोमुलांसकट जातात. मग मूल जन्मतं तेही तिकडेच, नि मोजलं जातं तेही तिकडेच. चाकरमानी येतो गणपतीला, 2011 ची मोजणी झाली फेब्रुवारीत!

आता खरा मुद्दा. 1976 मध्ये आणीबाणीत घटनादुरुस्ती करून राज्याराज्यांतल्या लोकसभेच्या जागा 1971 च्या आकड्यांवर गोठवल्या. कारण असं दिलं गेलं की ज्यांनी कुटुंबनियोजन केलं त्यांना जागा कमी करून शिक्षा नको. (त्याच वर्षी आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, त्याला दिल्लीची मंजुरी काही आली नाही.) गोठवणं 2001 पर्यंतच होतं, मग ते 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवलं. दक्षिणेतली राज्यं आज ज्यावर भांडतायत ते हेच, आणि त्यांचं म्हणणं मला तरी चूक वाटत नाही.

पण यातली एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. 1976 मध्ये राज्याच्या आतलं वाटपही गोठलं होतं, पण पुढे लांबवताना गोठवल्या त्या फक्त राज्याच्या एकूण जागा, लोकसभेच्या नि विधानसभेच्याही, आतलं वाटप मोकळं केलं. आधी ते 1991 च्या आकड्यांवर करायचं ठरलं होतं, 2003 मध्ये आणखी एक दुरुस्ती करून 2001 चे आकडे घेतले. म्हणजे तामिळनाडूला बिहारपासून संरक्षण आहे, रत्नागिरीला ठाण्यापासून नाही. एकच तत्त्व, दोन न्याय.

हिशोब सोपा आहे. 2001 ला राज्य 9.69 कोटी, आमदार 288, म्हणजे एका आमदारामागे साधारण 3.36 लाख माणसं. रत्नागिरीच्या लोकसंख्येला त्याने भागा, उत्तर येतं पाच. आधी सात होते. 2008 च्या पुनर्रचनेत खेड आणि संगमेश्वर हे मतदारसंघ गेले, सिंधुदुर्गात चाराचे तीन झाले, लोकसभेचा राजापूर मतदारसंघही संपला. ठाण्याचं उत्तर चोवीस येतं आणि तेवढेच आमदार त्यांना मिळाले, बरं त्यातले कितीतरी मतदार मूळचे आमच्याच वाडीतले!

माणसामागे मत समान हवं हे मान्य, त्याबद्दल तक्रार नाही. पण डोंगरात विखुरलेल्या वाड्यांचा मतदारसंघ आणि पायी पार करता येईल असा शहरी मतदारसंघ यांना एकाच तागडीत तोलायचं, हे निव्वळ भागाकार करून ठरवण्यासारखं नव्हतं असं माझं मत. तेव्हा त्यावर ओरडही झाली आणि विरली.

2011 चे आकडे घेऊन तोच भागाकार केला तर एका आमदारामागे 3.90 लाख पडतात, रत्नागिरीला चार येतात, सिंधुदुर्गाला दोन. 2021 ची जनगणना झालीच नाही, ती आता 2027 ची म्हणून जाहीर झालीय, 2023 चा महिला आरक्षणाचा कायदाही त्यानंतरच्या पुनर्रचनेलाच बांधलाय. आमच्या वाडीत अकरा घरं, त्यातल्या सातांना कुलूप. मोजायला येणारा मास्तर फेब्रुवारीत आला तर चारच दारं वाजवील.