पार्श्वभूमी : पदार्थांचे विद्युतचुंबकीय गुणधर्म प्रयोगशाळेत कसे मोजले जाऊ लागले

एखादा पदार्थ विद्युत क्षेत्रात किती ऊर्जा साठवतो, त्यातली किती उष्णतेच्या रूपाने गमावतो आणि चुंबकीय क्षेत्राला कितपत प्रतिसाद देतो, हे त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, ऱ्हास आणि चुंबकीय पार्यता या राशींवरून कळते. तक्त्यांत हे आकडे घनतेसारखे ठाम छापलेले असले, तरी कोणतेही उपकरण ते थेट दाखवत नाही. मोजली जाते ती धारिता (प्रभार साठवण्याची क्षमता), तरंगलांबी किंवा परावर्तन. पदार्थाचा गुणधर्म त्यावरून गणिताने काढावा लागतो, आणि त्या गणितात काय गृहीत धरले आहे यावर आकड्याची विश्वासार्हता ठरते.

मायकेल फॅरडे यांनी १८३७ साली लंडनमध्ये केलेला प्रयोग या दृष्टीने आजही वाचण्यासारखा आहे. त्यांनी पितळेच्या एकात एक बसणाऱ्या गोलांची अगदी सारखी अशी दोन उपकरणे बनवली. एकात गोलांमधल्या जागेत फक्त हवा होती, तर दुसऱ्यात खालच्या अर्ध्या भागात लाखेची जाड वाटी बसवलेली होती. एक उपकरण प्रभारित करून दुसऱ्याला जोडले की, दोन्ही सारखी असती तर प्रभार निम्मा-निम्मा वाटला गेला असता; प्रत्यक्षात लाख असलेल्या उपकरणाने जास्त वाटा घेतला, म्हणजे लाखेमुळे त्याची प्रभार साठवण्याची क्षमता वाढली होती. काच आणि गंधक यांनीही तसेच केले. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७७० च्या दशकातच अशी मोजमापे करून ठेवली होती, पण ती प्रसिद्ध केली नव्हती. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी ती संपादित करून १८७९ मध्ये प्रकाशात आणली.

मॅक्सवेल यांच्याच सिद्धांताने पुढचा प्रश्न उभा केला. प्रकाश हा विद्युतचुंबकीय तरंग असेल, तर अचुंबकीय पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक त्याच्या अपवर्तनांकाच्या (पदार्थात प्रकाश किती पट मंदावतो त्या आकड्याच्या) वर्गाएवढा यायला हवा. लुडविग बोल्ट्झमान यांनी १८७० च्या दशकात वायूंवर केलेल्या मोजमापांत हे चांगले जुळले, पण पाण्याच्या बाबतीत मुळीच जुळेना. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३, म्हणजे वर्ग १.८ च्या आसपास. संथ बदलणाऱ्या क्षेत्रात मात्र स्थिरांक सुमारे ८० भरतो. माझ्या मते या विषयातली सर्वांत फलदायी तफावत हीच. पाण्याचे रेणू ध्रुवीय असतात, म्हणजे त्यांचे एक टोक धन व दुसरे ऋण असते; संथ क्षेत्राबरोबर ते वळू शकतात आणि प्रकाशाच्या वेगवान दोलनांबरोबर वळू शकत नाहीत, हे स्पष्टीकरण पीटर डिबाय यांच्या १९१२ पासूनच्या कामातून पुढे आले. कोणत्या वारंवारतेला आणि कोणत्या तापमानाला हे सांगितल्याशिवाय डायइलेक्ट्रिक स्थिरांकाच्या आकड्याला अर्थ उरत नाही, ही जाणीव इथून रुजली.

संथ क्षेत्र आणि प्रकाश यांच्या मधला विस्तीर्ण पट्टा हर्ट्झ यांनी १८८८ च्या सुमारास विद्युत तरंग निर्माण केल्यावर खुला झाला. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये गंधकासारख्या पदार्थांचे अपवर्तनांक विद्युत तरंगांनी काढले. पदार्थ अर्धवर्तुळाकृती आकारात ओतून, तो फिरवत कोणत्या कोनाला संपूर्ण आंतरिक परावर्तन होते हे ते पाहत. चुंबकीय बाजूला हेन्री रोलंड यांनी १८७३ मध्ये लोखंडाच्या कड्यांवर तारेची वेटोळी गुंडाळून पार्यता मोजली आणि ती चुंबकन बलाबरोबर बदलते हे दाखवले.

रडारमुळे या मोजमापांची निकड वाढली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील रॉबर्ट्स आणि आर्थर फॉन हिप्पल यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत तरंग वाहून नेणाऱ्या पोकळ धातूच्या नळीच्या, म्हणजे तरंगनळीच्या, धातूने बंद केलेल्या टोकाशी नमुना ठेवून, जाणारा व परतणारा तरंग मिळून होणारा स्थिर तरंग किती सरकतो ते पाहिले जाई. एकेका वारंवारतेला एकेक मोजणी, आणि त्यानंतर किचकट आकडेमोड. १९७० मध्ये निकोल्सन व रॉस यांनी आणि १९७४ मध्ये वेअर यांनी परावर्तित व पार गेलेला असे दोन्ही तरंग वापरण्याची रीत दिली. तरंगाचा प्रतिरोध पार्यता आणि स्थिरांक यांच्या गुणोत्तरावर, तर वेग त्यांच्या गुणाकारावर अवलंबून असल्याने दोन्ही राशी एकाच वेळी सुटतात. परावर्तित व पार गेलेले तरंग अनेक वारंवारतांना आपोआप मोजणाऱ्या नेटवर्क ॲनालायझर या यंत्राच्या जोडीने ही रीत सर्वत्र पसरली. मात्र कमी ऱ्हासाच्या नमुन्याची जाडी पदार्थातील अर्ध्या तरंगलांबीएवढी झाली की परावर्तन जवळजवळ नाहीसे होते आणि गणित डळमळते. १९९० च्या सुमारास यावर सुधारित पद्धती आल्या.

यंत्रे एवढी सुधारली तरी नमुना घासून बसवण्याचे काम हातावरच राहिले आहे. ७ मिलिमीटरच्या समाक्ष नळीत (धातूची नळी आणि तिच्या मधोमध धातूची दांडी) आतला वाहक ३.०४ मिलिमीटरचा असतो. कडीसारखा कापलेला नमुना आणि हा वाहक यांच्यात सगळीकडे ०.०१ मिलिमीटर फट राहिली, तर खरा स्थिरांक ५० असलेल्या पदार्थाचे उत्तर सुमारे ३६ येते. स्थिरांक २ असेल तर फरक एक टक्क्याहूनही कमी पडतो. म्हणून जास्त स्थिरांकाच्या नमुन्यांच्या कडांना मोजण्याआधी चांदीचा वाहक लेप लावून ती फट बुजवली जाते.