ॲव्हरेज वेगळं, किलोमीटरमागचा खर्च वेगळा: ऑफ-रोड पिकअप घेताना डिझेलचा हिशोब

१० चं ॲव्हरेज देणारी एक फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी) पिकअप आणि १२ चं देणारी दुसरी. डिझेल लिटरला ९० रुपये धरलं तर पहिलीला किलोमीटरमागे ९ रुपये लागतात, दुसरीला साडेसात. फरक दीड रुपयाचा. आता ५ देणारी आणि ७ देणारी घ्या. ॲव्हरेजमधला फरक तोच, दोनचा. पण खर्च अनुक्रमे १८ रुपये आणि १२ रुपये ८६ पैसे, म्हणजे फरक पाच रुपयांच्या वर गेला.

ॲव्हरेज सांगतं की एका लिटरात गाडी किती लांब जाईल. खिसा मात्र उलटं विचारतो: एवढं अंतर जायचंच आहे, तर लिटर किती जाळायचे? भागाकार उलटा झाला की फरकाचं वजनही बदलतं. गाडी जितकी तेल पिणारी, तितका ॲव्हरेजमधला एकेक आकडा महाग. जितकी काटकसरी, तितका स्वस्त. म्हणूनच युरोपात १०० किलोमीटरला किती लिटर हे लिहितात. अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर जो स्टिकर असतो, त्यावरही २०१३ च्या मॉडेलांपासून १०० मैलांना किती गॅलन हा आकडा छापावा लागतो. आपल्याकडे अजून लिटरला किलोमीटरच चालतं, तेव्हा उलटा भागाकार आपला आपणच करायचा. १०० ला ॲव्हरेजनं भागा, १०० किलोमीटरचे लिटर मिळतात. १० ला १०, १२ ला ८.३, १४ ला ७.१. दहावरून बारावर गेल्यावर १.७ लिटर वाचले आणि बारावरून चौदावर गेल्यावर १.२.

दणकट ताकदीच्या अमेरिकन ट्रकांचे व्हिडिओ बघून इकडच्या गाड्यांशी तुलना करणारे इथं आणखी एका ठिकाणी चुकतात. फोर्ड एफ-१५० रॅप्टरला २०२१ च्या मॉडेलात ३५ इंची टायरवर एकत्रित १६ मैल प्रति गॅलन असा सरकारी आकडा मिळाला होता. ७०२ हॉर्सपॉवरच्या रॅम टीआरएक्सला १२. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. त्यामुळे १६ म्हणजे अमेरिकन हिशोबानं ६.८ किलोमीटर आणि ब्रिटिश हिशोबानं ५.७. कुठला गॅलन हे न बघता केलेलं रूपांतर सरळ सहाव्या हिश्शानं चुकतं. टीआरएक्स ५.१ किलोमीटरवर येते. या दोघींमधला '४ मैलांचा' फरक १०० किलोमीटरला जवळपास ५ लिटरचा आहे, आणि तोही पेट्रोलचा. शिवाय अशा इंजिनांना जास्त ऑक्टेनचं महागडं पेट्रोल लागतं. दोन्ही गाड्या भारतात कंपनीमार्फत विकल्या जात नाहीत, तेव्हा बेळगाव-निपाणीच्या माणसानं त्यांचा हिशोब मनोरंजनापुरताच ठेवावा.

आपल्याकडे खरा प्रश्न टोयोटा हायलक्स आणि इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस यांच्याभोवती फिरतो. हायलक्सचं इंजिन २७५५ सीसी, २०४ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप). टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, मॅन्युअलला ४२०, ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर. व्ही-क्रॉस १८९८ सीसी, १६३ पीएस, ३६० न्यूटन-मीटर. दोन्ही डिझेल. लहान इंजिन म्हणून व्ही-क्रॉस कमी पिणार हे हायवेवर बहुधा खरं ठरतं. पण माल भरून चोर्ला किंवा आंबोलीचा घाट चढताना लहान इंजिनाला खालच्या गिअरवर जास्त आरपीएमनं ओढावं लागतं आणि दोघांमधली दरी बरीच बुजते. रिकाम्या गाडीची तुलना वाचून भरलेल्या गाडीचा खर्च काढू नये.

सर्टिफिकेटवरचं ॲव्हरेज निघतं ते रोलरवर, सुमारे २० मिनिटांच्या ठरलेल्या चक्रात. त्यात कमाल वेग ताशी ९०, सरासरी वेग ताशी बत्तीसच्या आसपास आणि एसी बंद. दोन गाड्या एकाच मापानं मोजल्या गेल्यात, एवढाच त्या आकड्याचा उपयोग. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर तुम्ही ताशी ११० नं कोल्हापूरला निघालात तर हवेचा विरोध ताशी ८० च्या मानानं जवळजवळ १.९ पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गानं वाढतो. पिकअप उंच, समोरून सपाट, मागचा हौदा उघडा; तिला हे कारपेक्षा जास्त झोंबतं. त्यात टपावर कॅरिअर आणि लाइट बार बसवला की कागदावरचं ॲव्हरेज कागदावरच राहतं.

आता मुख्य गाठ. ऑफ-रोड गाडीला एक ॲव्हरेज नसतंच, तीन असतात, आणि तिसरं तर किलोमीटरमध्ये मोजायचंच नसतं.

वर्षाला १५,००० किलोमीटर फिरणारा माणूस धरू. त्यातले ९,००० हायवेचे, १२ च्या ॲव्हरेजनं: ७५० लिटर. ५,००० किलोमीटर गाव, बाजार आणि घाट, ९ च्या ॲव्हरेजनं: ५५६ लिटर. उरलेले १,००० किलोमीटर शिवारातले, पाणंदीतले, पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडच्या जंगलवाटांवरचे. इथं गाडी तासाला १० किलोमीटर सरकते, मध्येच थांबते, इंजिन चालूच असतं. म्हणून तास मोजा: १०० तास, ताशी ४ लिटर धरले तर ४०० लिटर. एकूण १,७०६ लिटर, म्हणजे साधारण १ लाख ५३ हजार रुपये. अंतराच्या हिशोबात ऑफ-रोड फक्त पंधरावा हिस्सा, जेमतेम पावणेसात टक्के. डिझेलच्या हिशोबात मात्र २३ टक्के.

हाच माणूस '१२ आणि ९, म्हणजे सरासरी साडेदहा' असं म्हणून बसला तर त्याला १,४२९ लिटर दिसतील आणि वर्षाला २५ हजारांचा खड्डा पडेल. ॲव्हरेजांचं ॲव्हरेज काढायचं नसतं. प्रत्येक प्रकारच्या रस्त्याचे लिटर वेगळे काढून मग बेरीज करायची. ताशी ४ लिटर हा आकडा गाडी आणि जमीन बघून बदला. खानापूरच्या तांबड्या मातीत चाक घसरतं, पण माती सुटते. अथणी-रायबागच्या काळ्या रानात ती टायरच्या नक्षीत गच्च बसते आणि गुळगुळीत झालेलं चाक नुसतं फिरत राहतं. तिथं फोर-लो (चारही चाकांना ताकद, जोर जास्त, वेग कमी) लावून अर्धा तास झगडणं म्हणजे डिझेल ओतून चिखल घुसळणं. फोर-लोमध्ये गिअर सुमारे अडीचपट खाली येतो, म्हणजे त्याच वेगाला इंजिन अडीचपट फिरतं. त्याची भीती बाळगून फोर-हायवरच (चारही चाकांना ताकद, पण नेहमीचे गिअर) क्लच जाळत बसणं मात्र त्याहून महाग.

फोर-हाय डांबरावर विसरणं ही तर नेहमीची चूक. या दोन्ही गाड्यांचं फोर-बाय-फोर पार्ट-टाइम आहे, पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी यंत्रणा, नाही. कोरड्या रस्त्यावर वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. तो फरक कुठेच मुरत नाही, म्हणून टायर घासतात, स्टिअरिंग जड होतं आणि डिझेल वाया जातं. रस्ता लागला की टू-हाय, म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना.

तुमच्याकडे आत्ता जी गाडी आहे किंवा मित्राची जी घ्यायचा विचार आहे, तिचं खरं ॲव्हरेज असं काढा. पंपावर पहिल्या ऑटो-कटला, म्हणजे नोझल आपोआप बंद होतो तेव्हा, भरणं थांबवा, वरून टपटप भरू नका. ट्रिप मीटर शून्य करा. किमान ३०० किलोमीटर चालवा, मग त्याच पंपावर, त्याच नोझलला, त्याच बाजूला गाडी लावून पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. चाललेलं अंतर भागिले भरलेले लिटर. एका टाकीवर विश्वास ठेवू नका. नोझल लिटर-दीड लिटर लवकर कट झाला तरी ३० लिटरवर पाच टक्क्यांची चूक होते. तीन टाक्यांची बेरीज घ्या. डॅशबोर्डवरचा आकडा बहुधा थोडा गोड दिसतो, तो तुलनेपुरता ठीक.

टायर बदलले असतील तर आणखी एक दुरुस्ती. हायलक्सच्या २६५/६५ आर १७ टायरचा व्यास ७७६ मिलिमीटर. त्या जागी २६५/७० आर १७ घातला तर ८०३. चाक मोठं झालं, पण मीटरला ते ठाऊक नाही, गाडी १०३.४ किलोमीटर गेली तरी तो १०० दाखवतो. म्हणजे टायर बदलल्यावर 'ॲव्हरेज पडलं' अशी जी ओरड असते, त्यातले सुमारे सव्वातीन टक्के निव्वळ मीटरचे असतात. निघालेल्या आकड्याला १.०३४ नं गुणा. त्यानंतरही जी घट उरते ती खरी: ऑल-टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) टायर जड असतात आणि त्यांची नक्षी रस्त्यावर जास्त विरोध करते. चिखलासाठी हवा १८-२० पीएसआयवर उतरवली असेल तर डांबरावर यायच्या आधी भरून घ्या. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर गाडीत ठेवावाच. कमी हवेवर निपाणीपर्यंत पळवलेला टायर आतून तापून फाटतो, तिथं डिझेलचा हिशोब किरकोळ वाटायला लागतो.

ऊसतोडीच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, फडाच्या रस्त्यांवर धूळ इतकी असते की एअर फिल्टर वेळापत्रकाआधीच भरतो. दर महिन्याला काढून बघा. हवा मारायची तर आतून बाहेर, उलटी नाही.

किलोमीटरमागच्या खर्चाचा दुसरा भाग म्हणजे दर, आणि सीमाभागात त्यावर चर्चा गरजेपेक्षा जास्त होते. महाराष्ट्रात परतताना सीमेवरचं कोगनोळी ओलांडण्याआधी टाकी फुल्ल करायची, ही महाराष्ट्रातल्या गाड्यांची जुनी सवय; कर्नाटकात डिझेल स्वस्त असायचं. पण कर्नाटकानं जून २०२४ मध्ये डिझेलवरचा विक्रीकर वाढवला आणि १ एप्रिल २०२५ पासून तो पुन्हा १८.४४ वरून २१.१७ टक्क्यांवर नेला. त्यामुळे जुनं अंतर आता तसं उरलेलं नाही. सवयीनं न भरता त्या दिवशीचे दोन्हीकडचे दर बघून भरा. गोव्यात दर खाली असतात, म्हणून परतीच्या वाटेवर तिकडं भरून यावं. मुद्दाम मात्र जाऊ नये. हायलक्सची टाकी ८० लिटरची. लिटरला ३ रुपये वाचले तरी पूर्ण टाकीमागे २४० रुपये. चोर्ला उतरून परत यायला शंभरावर किलोमीटर होतात, म्हणजे ९०० रुपयांचं डिझेल. आडवाटेचं गणित सोपं आहे: वाचणारे रुपये किलोमीटरमागच्या खर्चानं भागा. २४० भागिले ९, म्हणजे जाऊन-येऊन २६ किलोमीटरच्या पुढं गेलात की तोटा.

आता खरेदी. सुरुवातीच्या दोन गाड्या, १० ची आणि १२ ची, यांत ऑन-रोड किमतीचा फरक ५ लाख धरू. किलोमीटरमागे दीड रुपया वाचतो, म्हणजे ५ लाख भरून यायला ३ लाख ३३ हजार किलोमीटर. वर्षाला १५,००० फिरणाऱ्याला बावीस वर्षं. उलट कर्ज काढून घेतली तर ५ लाखांवर ९ टक्क्यांनी पहिल्याच वर्षी ४५ हजारांच्या आसपास व्याज जातं, आणि डिझेलमध्ये वाचतात २२,५००. म्हणून महाग गाडी ॲव्हरेजसाठी घेणं आणि स्वस्त गाडी ॲव्हरेजसाठी सोडणं, दोन्ही आमच्या मते चूक. डिझेलचा फरक निर्णायक होतो तो वर्षाला ४० हजारांवर फिरणाऱ्याला: दूध, भाजी, मशिनरीचे सुटे भाग घेऊन रोज कोल्हापूर-हुबळी करणाऱ्याला. आणि तसा धंदा असेल तर त्याला मुळात फोर-बाय-फोर लागतं का, हेच आधी विचारावं.

उलट टोकाच्या ग्राहकाचंही सांगायला हवं. गाडी रोज घर ते शेत चार किलोमीटर धावणार आणि महिन्याकाठी एकदाच हायवेला लागणार असेल, तर बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमधला काजळी अडवणारा फिल्टर तुंबतो. तो साफ करायला इंजिन मधूनमधून जास्तीचं डिझेल जाळून एक्झॉस्ट तापवतं आणि त्यासाठी सलग वेगात काही वेळ चालावं लागतं. मध्येच चावी बंद केली की काम अर्धवट राहतं, जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. अशा गाडीचं ॲव्हरेज सात-आठवर आलं तरी इंजिनाला दोष देता येत नाही. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर ती शुभ खूण समजू नका, ऑइल बदला. आणि आठवड्यातून एकदा ताशी ६०-७० नं अर्धा तास गाडी काढा. संकेश्वरपर्यंत जाऊन आलात तरी पुरतं.