लडाखच्या साइटसीइंग लिस्टमागचा इतिहास

लेह, नुब्रा, पँगाँग, तुर्तुक ही आजची लिस्ट काही टूर कंपनीने बसून बनवली नाहीये, त्यातली अर्धी ठिकाणं व्यापाऱ्यांच्या वाटेवरची आणि उरलेली बॉर्डरमुळे कधी बंद कधी चालू झालेली.

१७व्या शतकात सेंगे नामग्याल राजा असताना लडाख जोरात होतं. लेहचा नऊ मजली राजवाडा त्याच्याच काळातला, हेमिसच्या गोंपालाही (बौद्ध मठालाही) त्याचाच आश्रय. अल्चीचं गोंपा मात्र त्याहून कितीतरी जुनं, तिथल्या भिंतीवरची चित्रं काश्मिरी शैलीची आहेत, आणि खरं सांगायचं तर वेळ कमी असेल तर राजवाडा सोडा पण अल्ची सोडू नका.

आता पैसा कुठून यायचा? तर पश्मीना. पूर्वेकडच्या चांगथांग पठारावरच्या बकऱ्यांची लोकर लेहमार्गे काश्मीरला जायची. तिबेटबरोबर झालेल्या १६८४ च्या तिंगमोसगांगच्या तहात तर या व्यापाराची कलमंच घातली होती, म्हणजे लोकरीवरून राजकारण किती तापायचं बघा. दुसरी वाट उत्तरेला नुब्रातून काराकोरम खिंड ओलांडून आताच्या चीनमधल्या यारकंदला. नुब्रातल्या हुंडरच्या वाळूत आपण ज्या दोन मदारींच्या उंटावर बसून फोटो काढतो ना, ते त्याच काफिल्यांच्या उंटांचे वंशज, चीनमध्ये १९४९ ला सत्ता बदलली, वाट बंद झाली आणि उंट इकडेच राहिले.

त्याआधी १८३४ मध्ये जम्मूच्या डोगऱ्यांचा सरदार जोरावर सिंग चालून आला होता आणि नामग्यालांचं राज्य संपलं, राजघराणं लेहजवळच्या स्तोक गावी राहायला गेलं. लेहचा राजवाडा आतून एवढा रिकामा का वाटतो त्याचं एक कारण हेच.

स्वातंत्र्यानंतर सगळा मामला लष्कराचा. १९४८ ला पहिलं विमान लेहला उतरलं ते सैन्यासाठी, १९६२ च्या युद्धानंतर तर बाहेरच्यांना फिरायला येणं विसराच. १९७४ मध्ये लडाख पर्यटकांसाठी उघडलं पण म्हणजे लेह आणि आसपास, सगळं नाही. नुब्रा आणि पँगाँग, त्सो मोरिरी हे तलाव, यासाठी १९९४ उजाडावं लागलं, तेही परमिट काढून. तुर्तुक तर १९७१ पर्यंत पाकिस्तानच्या ताब्यात होतं, युद्धात भारताकडे आलं, तिथे पर्यटक जायला लागले ते थेट २०१० पासून.

लेहहून नुब्राला जाताना लागणाऱ्या खारदुंगला खिंडीचं पण तसंच, रस्ता मुळात लष्करासाठी. बोर्डावर १८,३८० फूट लिहिलंय, नंतरच्या मोजणीत उंची साधारण १७,५८० भरली, तरी सगळे त्या बोर्डापुढेच फोटो काढतात, काढू देत. २०२१ मध्ये सगळ्यात उंच रस्ता म्हणून उमलिंगला खिंडीचं नाव झालं, १९,०२४ फूट, तोही बॉर्डरसाठीच केलेला रस्ता.

पँगाँगला गर्दी मात्र २००९ च्या 'थ्री इडियट्स'नंतरची, तिथे ना राजाचा हात ना लष्कराचा.